गौरम्मा बाईंची हिवाळ्याची भिंत

बर्फ मी अजून पाहिलेला नाही. गौरम्मा बाईंनीही कधी पाहिला नव्हता, आणि त्याचं त्यांना काही वाटतही नसे. त्यांची भाची सुमंगला हिचा फोन आला त्याला आज तीन आठवडे झाले. बाई झोपेतच गेल्या, असं ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी कागद पुढे घेऊन बसलो, तर त्यांच्या सगळ्या आठवणींतून सगळ्यांत आधी वर आला तो बर्फच.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. दुष्काळ सरून तीन वर्षं झाली होती. मी केम गावचा, नुकताच डी.एड. झालेला, सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या एका म्युनिसिपल शाळेत दुसरीच्या वर्गावर लागलो होतो. शेजारी बालवर्ग होता, तो गौरम्मा बाईंकडे. दोन वर्गांच्या मधे भिंत नव्हती, लाकडी फळ्यांचा आडोसा होता. त्याच्या फटींतून बाईंचा सगळा दिवस मला ऐकू यायचा. मी बोलत कमी असे आणि मधल्या सुट्टीत पुस्तक उघडून बसत असे, त्यामुळे ऐकायला माझ्याकडे वेळ भरपूर होता.

दिवाळीची सुट्टी संपली आणि वरच्या ऑफिसातून छापील चित्रांचा एक गठ्ठा आला. बालवर्गानं हिवाळ्यात रंगवायची चित्रं. उतरत्या छपराचं एक घर, टोकदार झाड, आणि पुढे बर्फाचा एक गोल माणूस, त्याला गाजराचं नाक. सगळीकडे बर्फ. हेडमास्तर माळगे सरांनी तो गठ्ठा बाईंच्या हातात दिला. बाईंनी एक कागद काढून पुष्कळ वेळ पाहिला, उलटा करून पाहिला.

"सर, ह्यात रंगवायचं काय?"

"हिवाळा, बाई. वर लिहिलंय की."

"सगळं पांढरंच आहे हे. कागद पांढरं, घर पांढरं, झाड पांढरं. पोरं करतील काय, बघत बसतील?"

सरांनी चष्मा वर सरकवून चित्र पाहिलं. "नाक आहे की त्याचं. ते लाल करून घ्या."

"छत्तीस पोरं नाक रंगवायला?" बाई म्हणाल्या, आणि गठ्ठा काखेत मारून वर्गात गेल्या. त्या कागदांच्या कोऱ्या पाठींवर पोरांनी आठवडाभर बोरं काढली.

बाई ठेंगण्या होत्या, सावळ्या. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात इष्टलिंग ठेवायची चांदीची करडी, अंगावर इरकली लुगडं आणि अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. ती पेन्सिल त्या दिवसातून दहा वेळा शोधत आणि दहाही वेळा एखादं पोर "बाई, डोक्यात!" म्हणून ओरडे. घरी त्या कानडी बोलत, वर्गात मराठी, विणकरांच्या आयाबायांशी तेलुगू आणि दारावरच्या भाजीवाल्याशी दखनी. चारही भाषांत त्यांचा आवाज एकच असे, आणि पोरं फार गलका करू लागली की तो कानडीत येई: "साकु!" म्हणजे पुरे. हा एवढा एक शब्द आमच्या दुसरीतल्या पोरांनाही पुरायचा. आडोशापलीकडे "साकु" झालं की अलीकडेही शांत होई.

खुर्चीवर मी त्यांना बसलेलं पाहिलं नाही. खुर्ची रंगांच्या वाट्यांसाठी होती. थंडीच्या दिवसांत शाळा साडेसातला भरायची. पोरं दारातून आत येताना बाई दोन्ही तळवे एकमेकांवर खसाखसा घासत आणि ऊन झालेले तळवे पोराच्या दोन्ही कानांवर ठेवत. मग पुढचं पोर. छत्तीस पोरांचे बहात्तर कान तापवल्याशिवाय हजेरी सुरू होत नसे.

त्यांच्या वर्गात खोडरबराला बंदी होती. एखाद्या पोराची रेघ भलतीकडे गेली आणि ते रडायला लागलं, की बाई त्याच्या शेजारी उकिडव्या बसत. "गेली ती गेली. आता तिचं काय करायचं बघ." आणि त्या रेघेचं शेळीचं शेपूट होई, नाही तर वाट होई, नाही तर उसाचं कांडं. मी तोवर शिक्षणशास्त्राची दोनतीन जाड पुस्तकं वाचली होती. त्यांत हे असं सापडलं नव्हतं.

रंग त्या स्वतःच करत. तेलखडूंची एकच पेटी होती आणि तिच्यातल्या खडूंचे तुकडे करून करून ते डाळीएवढे झाले होते. म्हणून भाताच्या पेजेत हळद, गेरू, कुंकू, कपड्यांची नीळ, दिव्याची काजळी. काडीला कापूस गुंडाळला की ब्रश. कागदाचा प्रश्न मात्र दर वर्षी असायचा. तो त्यांनी जुन्या कॅलेंडरांवर सोडवला होता. दिवाळीला दुकानांत नवी कॅलेंडरं लागली की एका रविवारी त्या कापडी पिशवी घेऊन सात रस्त्याला जायच्या आणि दुकानादुकानांतून मागल्या वर्षाची मोठी कॅलेंडरं मागून आणायच्या. पाठकोरा, जाड, गुळगुळीत कागद. पहिल्याच वर्षी मी त्यांच्याबरोबर पिशवी धरायला गेलो होतो. एका कापडदुकानदारानं कॅलेंडर खुंटीवरून काढलं, पण हातातून सोडेना.

"बाई, ह्याच्यावर शंकर-पार्वती आहेत. पोरं जमिनीवर पसरून रंगवणार. पाय लागतो की."

"जमिनीवर नाही पसरत," बाई म्हणाल्या. "भिंतीला लावते."

"म्हणजे देवाचं तोंड भिंतीकडे?"

"चार महिने राहू द्या की. पोरं काय बोलतात ते पाठमोरे ऐकतील. त्यांना पण बरं वाटंल."

दुकानदार हसला, कॅलेंडर दिलं. पण बाईंनी जे तोंडून काढलं ते पाळलं. त्या वर्षापासून त्यांच्या वर्गात चित्र जमिनीवर रंगवलं गेलं नाही. कॅलेंडरांची पानं एकमेकांना खळीनं जोडून त्या सगळी एक भिंत भरून टाकत, आणि पोरं बाकांवर उभी राहून, खाली बसून, गुडघे टेकून त्या भिंतीवर रंगवत. दुकानदाराला दिलेल्या शब्दापायी निघालेली ही रीत पुढे त्यांच्या फार उपयोगी पडली.

भिंतीवर हिवाळा असे, पण सोलापूरचा. जोंधळ्याचं रान, हुरड्याची आगटी, उसाची मोळी, बोरांची पाटी, पाण्याचा तांब्याचा बंब आणि त्याचा धूर, गिरणीची चिमणी, माकडटोपी घातलेला म्हातारा, चादर पांघरून झोपलेलं पोर, आणि सगळ्याच्या मधोमध एक शेकोटी. काळ्या रेघांत सगळं बाईच काढत. मग एकेक वस्तू एकेका पोराच्या नावानं करून देत. बंब शब्बीरचा. बोरं सुमनची. चादर पद्माची. शेकोटी दत्तूची. नियम एकच, आणि तो कडक: रोज आपल्या वस्तूचा बाईंनी त्या दिवसासाठी आखून दिलेला बोटभरच तुकडा रंगवायचा, आणि दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही. जो आला नाही त्याची त्या दिवसाची जागा पांढरी राहायची.

मी एकदा विचारलं, एवढं कडक कशाला? एखादं पोर आजारी असतं, दुसऱ्यानं भरलं तर काय बिघडलं?

बाई खळीचा हात लुगड्याला पुसत म्हणाल्या, "सर, ह्या पोरांच्यावाचून घरात काय अडत नाही. आई कामाला जाते, बाप मागावर बसतो, हे पोरगं असलं काय नसलं काय. शाळेत पण तसंच. छत्तीसमधलं एक. कुठंतरी त्याच्यावाचून अडलं पाहिजे की नाही?"

त्या वर्षी हे अडणं महत्त्वाचं होतं. गठ्ठ्यापाठोपाठ वरून दुसरं पत्र आलं होतं. बालवर्गात रोज तीस मुलं हजर नसतील तर वर्ग बंद करायचा. बाईंना नोकरीची भीती नव्हती, त्यांना कुठल्याही शाळेत पहिलीचा वर्ग मिळाला असता. पण पोरं चार-पाच वर्षांची. वर्ग बंद झाला असता तर त्यांनी मागाच्या खोलीत सुताच्या धुळीत बसायचं, नाही तर कुलूप लावलेल्या दाराबाहेर. पटावर छत्तीस होती आणि थंडी पडली की हजेरी पंचविसावर यायची.

माळगे सर वाईट नव्हते. एकदा सुट्टीत ते आडोशाजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "बाई, हजेरीत चारदोन जास्त मांडली तर कोण बघायला येतंय?"

"भिंत बघते की, सर."

"भिंत?"

बाईंनी बोट केलं. त्या दिवशी दहा जागा पांढऱ्या होत्या. "हजेरीत बत्तीस लिहिलं, आणि भिंतीवर सव्वीसांनीच रंग लावलेला. पोरांना मोजता येतं. मीच शिकवलंय."

सरांनी पांढऱ्या जागा मोजून पाहिल्या. मग म्हणाले, "मग आणा बाई पोरं."

"आणते," बाई म्हणाल्या. रोज शाळा सुटली की त्या गल्ल्यांतून निघत, आणि ज्याची जागा पांढरी राहिली त्याच्या दारात उभ्या राहत. आईबापांना फारसं बोलत नसत. पोराला सांगत, "तुझी बोरं अजून कच्ची आहेत गं," आणि पुढच्या दाराला जात. मग रात्रभर ते पोर आईच्या मागे लागत असेल ते असेल.

पद्माची गोष्ट सांगायला हवी. तिचे वडील मागावर चादरी विणत. बाईंनी तिला काढून दिलेल्या चादरीचा एक कोपरा दुमडलेला होता. पद्मानं सगळी चादर तांबडी केली आणि फुलं पांढरी सोडली. कोपऱ्यात आल्यावर मात्र कोपरा पांढरा सोडला आणि फुलं तांबडी केली. बाई वाकून बघू लागल्या.

"इथं उलटं झालं की गं. चुकलं."

"न्हाय चुकलं."

"वर बघ, फुलं कुठल्या रंगाची? आणि इथं?"

"बाई," पद्मा अगदी शांतपणे म्हणाली, "तितं दुमडलंय ना."

बाईंना कळलं नाही. मलाही, फटीतून बघताना, कळलं नाही. शाळा सुटल्यावर बाई सरळ पद्माच्या घरी गेल्या. तिच्या वडलांनी माग थांबवला आणि ताजी चादर उलटून दाखवली: वर तांबड्यावर पांढरी फुलं, खाली पांढऱ्यावर तांबडी. दुसऱ्या दिवशी बाईंनी हजेरीआधी पद्माला बाकावर उभं केलं आणि सगळ्या वर्गाला सांगितलं, "पद्मा बरोबर. बाई चूक. जन्मभर तीच चादर पांघरते मी, बघितलीच नाही कधी." पद्मा लाजून खाली बसली. त्यानंतर ती एकही दिवस चुकली नाही. पण सगळी पोरं पद्मा नव्हती.

दत्तूचं घर दुष्काळात करमाळ्याकडून आलेलं. बाप गोदामात हमाल, आई बांधकामावर पाट्या वाहायची, आणि पाच वर्षांचा दत्तू तीन वर्षांच्या बहिणीला, चिंगीला, सांभाळायचा. सलग चार दिवस तो आला नाही. भिंतीच्या मधोमध त्याची शेकोटी पांढरीफटक. आणि पाचव्या दिवशी सुपरवायझर साहेब येणार असल्याचा निरोप आला होता.

आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर मी एकटा मागे राहिलो. त्या पांढऱ्या जागेकडे बघवेना. साहेबांची नजर पहिल्यांदा तिथंच जाईल असं वाटलं. खुर्चीवर वाट्या होत्याच. मी हळद घेतली, कुंकू घेतलं, आणि अर्ध्या तासात शेकोटी रंगवून काढली. ज्वाळा चांगल्या जमल्या होत्या. मी लांब जाऊन दोनदा पाहिल्या. मला बाईंना मदत करायची होती, दुसरं काही नाही.

सकाळी मी माझ्या वर्गात होतो. आडोशापलीकडे पावलं वाजली म्हणून फटीतून पाहिलं. दत्तू आला होता. सगळ्यांच्या आधी. संध्याकाळी बाई त्याच्याकडे गेल्या होत्या हे मला नंतर कळलं. त्यांनी त्याला एवढंच विचारलं होतं, "तुझी शेकोटी कधी पेटायची?" आणि आईनं चिंगीला शेजारणीकडे ठेवून त्याला पाठवलं होतं. त्यानं पाटी ठेवली आणि भिंतीसमोर उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला. मग एक बोट पुढे करून ज्वाळेला लावून पाहिलं, सुकली आहे का ते.

"कुणी पेटवली?" त्यानं विचारलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी फळ्यांमागे होतो आणि मी बोललो नाही. त्यानं पाटी उचलली आणि तो निघून गेला.

बाई आल्या तेव्हा मी सांगितलं. सगळं सांगितलं. त्या भिंतीकडे बघत ऐकत होत्या.

"चांगली काढलीय, सर," त्या म्हणाल्या. रागानं नाही, खरंच म्हणाल्या. "पण आता त्याला इथं काम काय?"

त्यांनी कॅलेंडरचं एक पान माझ्या ज्वाळांवर चिकटवलं, अंबाड्यातली पेन्सिल पहिल्याच फटक्यात सापडली, चार फटकाऱ्यांत कोरी शेकोटी पुन्हा काढली आणि चप्पल घातली.

"बाई, साहेब यायची वेळ झाली."

"येऊ देत. पोरं बसवा, रंगवायला लावा. मी दत्तूकडे जाते."

साहेब दहाच मिनिटांत आले. गळ्यात लोकरी मफलर, हातात डायरी, बोलणं मोजकं. बालवर्गात बाई नाहीत, आणि दारात दुसरीचा मास्तर उभा. माळगे सर माझ्याकडे बघत होते, मी पोरांकडे. साहेबांनी डोकी मोजली: सत्तावीस. मग त्यांचं लक्ष भिंतीकडे गेलं. ते जवळ गेले आणि मधल्या पांढऱ्या जागेवर पेन टेकवलं.

"हे काय? बर्फ का?"

सगळा वर्ग हसला. शब्बीर बाकावरून उतरून पुढे आला.

"बर्फ नै, साब. दत्तू की शेकोटी है ये. उने आया की जलती."

"आणि ही पाटी?"

"ती सुमनची बोरं," पद्मा म्हणाली. "तिच्या आईला बाळ झालंय. ती मंगळवारी येणार."

"हा ऊस?"

"अंब्याचा. त्याला गोवर आलाय, सर. त्याला येऊ नको म्हणलंय बाईंनी."

साहेबांनी हजेरी मागवली. एक बोट हजेरीवर आणि पेन भिंतीवर, असे ते एका पांढऱ्या जागेवरून दुसरीवर गेले, आणि प्रत्येक जागेचं नाव पोरांनी त्यांना सांगितलं. नऊ जागा, नऊ गैरहजर. कुठे फरक निघाला नाही. माळगे सरांनी रुमालानं कपाळ पुसलं, त्या थंडीत.

तेवढ्यात बाई आल्या. एका हाताला दत्तू, कडेवर चिंगी, पायांना धूळ. साहेबांना त्यांनी मानेनं नमस्कार केला, पण थांबल्या नाहीत. दत्तूला शेकोटीपुढे नेलं, हळदीची वाटी त्याच्या हातात दिली. "बघ, कोरी आहे. तुझी तू पेटव." दत्तूनं वाटी घेतली. माझ्याकडे एकदा पाहिलं. मग काडी बुडवली. एवढं होईपर्यंत साहेब उभे होते.

"अठ्ठावीस," ते म्हणाले. "कडेवरची पटावर नाही."

"नाही."

"दोन कमी पडतात, बाई."

"पडतात. अठ्ठावीसच लिहा, साहेब."

त्यांनी अठ्ठावीस लिहिलं. डायरी मिटताना म्हणाले, "संक्रांतीनंतर मी पुन्हा येईन. सांगून येणार नाही. तेव्हा तीस नसली तर माझ्या हातात काही राहणार नाही."

ते गेल्यावर माळगे सर म्हणाले, "बाई, दोन पोरांसाठी एवढी पळापळ?"

"दोनच कमी आहेत म्हणून तर, सर. वीस कमी असती तर गप्प बसले असते."

"बसला असता?"

बाईंनी थोडा विचार केला. "नसते बसले," त्या म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी त्या दत्तूच्या आईकडे गेल्या, आणि या खेपेला त्यांच्यामागे मीही गेलो. त्यांनी बोलावलं नव्हतं, पण नको असंही म्हणाल्या नाहीत. आई चुलीपुढे होती.

"चिंगीला पण घालते वर्गात," बाई म्हणाल्या. "म्हणजे दत्तूला घरी बसायला नको. तिला तीन पुरी झाली का?"

"झाली की. दुस्काळात झाली, खडीच्या कामावर. पर बाई, थंडी लई हाय, अंगावर घालाय काय न्हाय दोघांच्या. सकाळच्या पारी कशी धाडू?"

"तुम्ही उठवून ठेवा. न्यायला मी येते."

"रोज?"

"रोज," बाई म्हणाल्या.

संक्रांत झाली आणि थंडीनं जोर धरला. बोचरा वारा सुटला होता, नळाच्या पाण्यात हात घालवत नव्हता. अशाच एका सकाळी मी शाळेच्या फाटकाशी आलो तर मफलर कानांवरून गुंडाळून सुपरवायझर साहेब उभे. माळगे सर त्यांच्या शेजारी. वर्गात तेवीस मुलं होती. बाई नव्हत्या.

"बाई कुठे आहेत?" साहेबांनी विचारलं.

सर काही सांगणार एवढ्यात गल्लीच्या वळणावरून एक चादर चालत आली. मोठी, दुहेरी, तांबडी चादर. तिची पुढची दोन टोकं बाईंनी दोन्ही खांद्यांवरून पुढे घेऊन छातीशी धरली होती, त्यामुळे चादर त्यांच्या पाठीमागे तंबूसारखी ताणलेली. त्यांच्या स्वतःच्या अंगावर लुगड्याखेरीज काही नव्हतं. चादरीखालून नुसते पाय दिसत होते, अनवाणी, लहान, घाईघाईनं पडणारे. आतून गाणं येत होतं आणि मधेच कुणी कुणाला "ढकलू नको की!" म्हणत होतं.

साहेबांनी डायरी उघडली. मग वाकले आणि पाय मोजू लागले. मफलर सुटून खाली लोंबू लागला तरी त्यांनी तो सावरला नाही.

"चौदा," ते म्हणाले.

"म्हणजे सात," माळगे सर म्हणाले. "तेवीस आणि सात, तीस!" त्यांचा आवाज चिरकला.

बाई फाटकातून आत आल्या आणि पायरीपाशी चादर सोडली. खाली आठ पोरं होती. चिंगीचे पाय जमिनीला लागलेच नव्हते, ती दत्तूच्या पाठीवर होती.

"आता ही आहे पटावर," बाई म्हणाल्या. त्यांचे ओठ थंडीनं निळे पडले होते. त्यांनी तळवे एकमेकांवर घासले आणि पहिल्या पोराच्या कानांवर ठेवले.

साहेबांनी एकतीस लिहिलं. वर्ग राहिला. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तेच पत्र आलं आणि पुन्हा भिंत लागली, आणि त्याच्या पुढच्याही. बाई निवृत्त झाल्या तेव्हा त्या खोलीत बालवर्गच भरत होता. मी मधेच हायस्कुलात गेलो, तिथल्या ग्रंथालयात रमलो, आणि भेटी वर्षाकाठी एकदोनवर आल्या.

शेवटचं भेटलो ते यंदा मार्गशीर्षात. सुमंगलाच्या घरी पुढच्या खोलीत खाटेवर होत्या. फारच लहान झाल्या होत्या. कुणाला ओळखत नाहीत, असं सुमंगलानं दारातच सांगितलं. मी बाजूला बसलो. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं, "आज किती आले?"

सुमंगला त्यांच्या उशामागून मला खुणावू लागली. "सगळे आले म्हणा, काका," ती पुटपुटली. "तसं म्हटलं की झोपते ती. आम्ही रोज तेच सांगतो."

मी खोलीत पाहिलं. सुमंगला, त्यांचं करायला ठेवलेली बाई, आणि मी.

"तीन," मी म्हणालो.

"तीनच?"

"हो बाई. तीनच."

बाईंनी अंगावरचं पांघरूण बाजूला केलं. एक कोपर टेकलं, मग दुसरं, आणि कुणी हात द्यायच्या आत त्या उठून बसल्या. आधी एक पाय खाटेखाली सोडला, मग दुसरा, आणि तळपायांनी फरशी चाचपत त्या चप्पल शोधू लागल्या.